इंकस्केपचे ‘ट्रेस बिटमॅप’: एआयने काढलेल्या आकृत्यांसाठी कितपत उपयोगी?

एआयने काढलेली पेशीची आकृती कितीही देखणी असली, तरी ती पिक्सेलची बनलेली असल्यामुळे तिच्यातला एक बाणसुद्धा स्वतंत्रपणे हलवता येत नाही. या अडचणीवर इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील ‘ट्रेस बिटमॅप’ ही सोय वापरून पाहण्यासारखी आहे; ती पिक्सेलच्या प्रतिमेचे रूपांतर स्वतंत्रपणे हलवता येणाऱ्या आकारांत करते. एकरंगी रेखाकृतीवर तिचे काम उत्तम होते, कारण तिच्यामागील पोट्रेस ही प्रणाली मुळात काळ्या-पांढऱ्या प्रतिमेच्या कडा शोधून त्यांना वक्ररेषांचे रूप देते. रंगीत आकृतीत मात्र रंगछटांचे वेगवेगळे थर तयार होतात आणि मऊ छायांकन असेल, तर आकारांच्या कडा ठरवणाऱ्या अनावश्यक बिंदूंचा खच पडतो. म्हणून रंगांची संख्या आधीच कमी केलेली बरी.

खरी मर्यादा अक्षरांची आहे. नावे मजकूर म्हणून ओळखली जात नाहीत, त्यांचेही केवळ आकार होतात, आणि एआयने ‘मायटोकॉन्ड्रिया’ चुकीचे लिहिले असेल, तर ती चूकही तितक्याच सुबकपणे उतरते. नेहमीच्या ट्रेसिंगमध्ये साधा बाणदेखील रेषा न राहता भरीव आकार बनतो, त्यामुळे त्याची जाडी सहज बदलता येत नाही. नावे, बाण आणि चौकटी नव्याने काढाव्यात (त्याला वेळही कमी लागतो) आणि ट्रेसिंग फक्त गुंतागुंतीच्या आकारांसाठी राखून ठेवावे.