क्रूझ बुक करण्याआधी व्हिसाचं गणित: एजियन, बाल्टिक, जपान की अलास्का?

क्रूझच्या जाहिरातीत बंदरांची नावं ठळक असतात आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: आवश्यक व्हिसा काढण्याची जबाबदारी प्रवाशाची. ही ओळ कंपन्या फार काटेकोरपणे पाळतात. मार्गातल्या एका बंदराचा व्हिसा नसेल तरी टर्मिनलवरच्या चेक-इनला अडवतात. "मी तिथे उतरणारच नाही, केबिनमध्ये बसून राहीन" हा युक्तिवाद सहसा चालत नाही, आणि पैसेही बुडतात.

हा आढावा ज्यांच्या पासपोर्टला बहुतेक मोठ्या देशांत व्हिसा लागतो त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी फक्त दृश्यं बघून क्रूझ निवडावी, नशीबवान आहेत.

निवड करताना बहुतेक जण "जहाज कोणत्या देशांत जातं" हे बघतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. जहाजात चढायचं आणि शेवटी उतरायचं कुठे? आणि मधेच एखाद्या व्हिसाच्या हद्दीबाहेर जाऊन परत आत येणं होतं का? अनेक देश क्रूझच्या प्रवाशांना बिनव्हिसा उतरू देतात, पण ती सवलत जहाजातून येऊन त्याच जहाजातून जाणाऱ्याला असते. विमानाने जाऊन तिथून जहाज पकडलं, की तुम्ही इतर पर्यटकांसारखेच.

एजियन आणि बाल्टिक

दोन्ही समुद्र युरोपातच, दोन्हींना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा), तरी फरक मोठा आहे.

एजियनच्या छोट्या फेऱ्या बऱ्याचदा अथेन्सजवळच्या पिरेयसहून निघतात. मिकोनोस, मग तुर्कस्तानातलं कुशादासी, मग पात्मोस, रोड्स, सँटोरिनी आणि परत पिरेयस. कुशादासीला प्राचीन एफेससचे अवशेष बघायला सगळे उतरतात. तुर्कस्तान क्रूझच्या प्रवाशांना ७२ तासांपर्यंत बिनव्हिसा फिरू देतं, रात्री झोपायला जहाजावर यायचं एवढीच मुख्य अट. ऐकायला झकास. पण कुशादासीला गेलात म्हणजे शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि पात्मोसला पाऊल ठेवलंत की दुसरा प्रवेश. अथेन्सला विमानाने उतरताना सिंगल एन्ट्री वापरून झालेली असते. म्हणजे तुर्कस्तानचा व्हिसा लागत नाही, पण तुर्कस्तानमुळेच शेंगेनचा दोन प्रवेशांचा किंवा मल्टिपल एन्ट्री व्हिसा लागतो. अर्जात "प्रवेश किती" या रकान्यात एक लिहून मोकळे होणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

एड्रियाटिक समुद्राच्या मार्गावर हीच गोष्ट माँटेनेग्रोतल्या कोटोरची. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकबद्दल मात्र जुनी माहिती वाचून घाबरू नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

बाल्टिक पूर्वी यापेक्षा किचकट होतं. सेंट पीटर्सबर्ग हा त्या मार्गाचा कळस, आणि रशियाने २००९ पासून क्रूझ आणि फेरीबोटीने येणाऱ्यांना ७२ तास बिनव्हिसा दिले होते, पण मान्यताप्राप्त कंपनीच्या सहलीसोबतच. एकट्याने फिरायचं तर पूर्ण व्हिसा. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी तिथे जाणं थांबवलं. आता कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन असा मार्ग घेतला तर सगळं शेंगेनच्या पोटात बसतं आणि एका प्रवेशात काम होतं. सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटाज संग्रहालय नाही याची चुटपुट राहते, पण कागदांच्या बाबतीत युरोपातला हा सर्वांत सरळ पर्याय.

नॉर्वेचे फ्योर्डही (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) तसेच, एक अपवाद सोडून. उत्तरेला स्वालबार्ड बेटांपर्यंत जाणारी जहाजं तिथल्या लाँगयरबायनला थांबतात. स्वालबार्ड नॉर्वेचंच, तिथे व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनमध्येही नाही. परत नॉर्वेच्या मुख्य भूमीवर यायला दुसरा प्रवेश हवा.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये शिरणार त्याच्याकडे. क्रूझवर रोज नवा देश असेल तर हा दुसरा नियमच बहुधा कामाला येतो.

जपान, कोरिया, चीन

सवलती सर्वांत उदार इथे आहेत, आणि चढ-उताराचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचाही इथेच.

जपानने २०१५ मध्ये क्रूझ प्रवाशांसाठी खास उतरण्याचा परवाना सुरू केला. सरकारने मान्य केलेल्या जहाजातून येणाऱ्याला व्हिसाशिवाय उतरता येतं. एकाच बंदरावर थांबणार असाल तर सात दिवसांपर्यंत, अनेक बंदरं असतील तर तीस दिवसांपर्यंत. बोटांचे ठसे घेतात, परवाना देतात, आणि जहाज सुटायच्या आत परत यायचं. कोरियातही क्रूझच्या प्रवाशांसाठी तीन दिवसांपर्यंतचा असाच परवाना आहे. चीनने १५ मे २०२४ पासून शांघाय, त्यानचिन, श्यामेन अशा तेरा शहरांच्या बंदरांत क्रूझने येणाऱ्या गटांना पंधरा दिवसांपर्यंत बिनव्हिसा प्रवेश दिला. गट दोघांचा असला तरी चालतो, पण तो चिनी ट्रॅव्हल कंपनीने जमवलेला हवा आणि पुढचा प्रवास त्याच जहाजाने हवा.

आता याच भागातली दुसरी, जास्त लोकप्रिय फेरी बघा: योकोहामाहून निघून योकोहामालाच परत, मधे एक दिवस कोरियातलं बुसान. इथे जपानची सवलत तुम्हाला लागू नाही, कारण क्रूझ सुरूच जपानमध्ये होते. रीतसर व्हिसा हवा, आणि बुसानहून परत येणं असल्याने दोनदा प्रवेश मिळेल असा मागायला हवा. बुसान मधे का घुसवलं, असं वाटेल. परदेशी झेंड्याच्या जहाजांना फक्त जपानी बंदरांमध्ये प्रवासी नेण्याची मुभा नाही, म्हणून एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात, त्यामुळे हा नियम सगळ्यांच्याच मानगुटीवर बसतो.

अलास्का

तेच भूत इथेही. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ शकत नाही; चढलेल्या बंदरातच परत आणायचे असतील, तर वाटेत निदान एक परदेशी बंदर हवं. म्हणून सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं येताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा संध्याकाळी, काही तासच. त्या काही तासांसाठी कॅनडाचा व्हिसा काढायचा. अमेरिकेचा लागतोच.

मग व्हँकुव्हरहून निघावं? तिथूनही दोन्ही लागतात. अमेरिकेचं इमिग्रेशन तर व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस टर्मिनलवरच, जहाजात चढण्याआधी होतं. एक दिलासा: कॅनडातून फक्त अमेरिकेला जाऊन मुक्कामाच्या मुदतीत परत आलात, तर कॅनडाचा सिंगल एन्ट्री व्हिसाही सहसा पुरतो. थोडक्यात, सिएटल की व्हँकुव्हर हे व्हिसावर ठरवू नका. व्हँकुव्हरची जहाजं बेटांच्या आडोशाने शांत पाण्यातून जातात, सिएटलची बरीचशी उघड्या समुद्रातून. ज्यांना बोट लागते त्यांनी व्हँकुव्हर घ्यावं.

आणि न्यूझीलंड

क्रूझने येणाऱ्या कोणत्याही देशाच्या नागरिकाला इथे व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना, म्हणजे एनझेडईटीए पुरतो. विमानाने ऑकलंडला जाऊन जहाज पकडणार असाल आणि तुमचा देश व्हिसामाफीच्या यादीत नसेल, तर मात्र व्हिसा.

कोणती घ्यावी

पहिलीच क्रूझ असेल आणि हातात तीन-चार महिने असतील तर बाल्टिक किंवा नॉर्वेची मुख्य भूमी. अमेरिकेचा व्हिसा आधीच पासपोर्टवर असेल तर अलास्का, कारण निम्मं काम झालेलं असतं. व्हिसाची दगदगच नको असेल तर जपान-कोरिया, पण ज्या बंदरात चढायला आणि उतरायला तुम्हाला व्हिसा लागत नाही तिथूनच निघणारी फेरी शोधून. एजियन सुंदर आहे, पण दोन प्रवेशांचा किंवा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळाल्याशिवाय परत न मिळणारे पैसे भरू नका.

सवलतीवर उतरणाऱ्यांनी घड्याळ सांभाळावं. सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी सगळे आत हवे असतात. जपानमध्ये जहाज चुकलं तर उतरण्याच्या परवान्याचा आधारच संपतो. शिवाय बऱ्याच मार्गांवर पासपोर्ट पर्सरच्या, म्हणजे जहाजावरचे कागद-हिशेब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात जमा असतो. पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत खिशात असू द्या, आणि बंदरावरच्या कंपनीच्या एजंटचा नंबरही. तो जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा छापलेला असतो.