मुरघासाची पिशवी : लहान गोठ्यातील दोन उन्हाळ्यांचा अनुभव

औसा तालुक्यातील आमच्या अडीच एकर कोरडवाहू शेतीवर दोन देवणी गायी, एक कालवड आणि पाच उस्मानाबादी शेळ्या सांभाळाव्या लागतात, आणि होळी झाली की त्यांच्या चाऱ्याची चिंता दरवर्षी नव्याने सुरू होते. कडब्याची गंजी तोवर निम्म्यावर आलेली असते, बांधावरचे गवत वाळलेले असते, आणि विकतचा हिरवा चारा म्हणून बहुधा उसाचे वाढेच, म्हणजे उसाच्या शेंड्याकडचा हिरवा भागच, मिळते. वाढ्यात ऑक्झलेट असते. ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे केवळ वाढ्यावर ठेवलेली दुभती गाय हळूहळू खंगत जाते. पाच लिटर देणारी आमची गाय एप्रिलमध्ये दोन लिटरवर येत असे आणि घरातील मुलांच्या दुधाला पहिली कात्री लागत असे. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या घेतल्या. बाहेरून विणलेली जाड पांढरी पिशवी आणि आत प्लॅस्टिकचे अस्तर, असे त्यांचे स्वरूप असते.

पहिल्या वर्षी दुकानदाराच्या सल्ल्याने एक टनाच्या चार पिशव्या आणल्या. दहा गुंठ्यांतील मका दाणा चिकात असताना, म्हणजे तो दाबल्यावर दुधासारखा चीक निघतो तेव्हा, कापला, कडबाकुट्टी यंत्रावर पाऊण इंचाची कुट्टी केली आणि थराथराने पायाने तुडवत पिशव्या भरल्या. या कामात सर्वात महत्त्वाचे आहे ते तुडवणे. हवा पूर्ण निघाली तरच लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातील साखर आंबवतात आणि त्या आम्लामुळे चारा टिकतो. हवा राहिली, तर त्या जागी बुरशी धरते. कुट्टीत पाणी किती आहे, हे मुठीत दाबून पाहावे. गोळा होऊन हळूहळू सुटला तर ओलावा योग्य समजावा, बोटांतून पाणी गळले तर ताटे थोडी सुकू द्यावीत. पंचेचाळीस दिवसांनी आम्ही तयार झालेली एक पिशवी उघडून पाहिली, तेव्हा आतील कुट्टी सोनेरी हिरवट होती आणि तिला आंबूस गोडसर वास येत होता. ती पुन्हा घट्ट बांधून ठेवली. उन्हाळ्यात मुरघास घालायला सुरुवात केली तेव्हा गायींनी पहिले दोन दिवस तो केवळ हुंगून पाहिला, मात्र आठवड्याभरात त्या गव्हाण चाटून साफ करू लागल्या. दुभत्या गायीला बारा किलो मुरघास आणि सोबत तीन-चार किलो कडबा दिला, तेव्हा त्या उन्हाळ्यात तिचे दूध साडेतीन लिटरच्या खाली गेले नाही.

तरीही एक टनाची पिशवी आमच्यासारख्यांनी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उघडलेल्या मुरघासाला हवा लागली की तो तापतो आणि बिघडू लागतो, म्हणून उन्हाळ्यात रोज निदान सहा इंचांचा थर काढला गेला पाहिजे. साधारण चार फूट व्यासाच्या पिशवीत सहा इंचांचा थर म्हणजे नव्वद किलोंच्या आसपास चारा होतो. आमची तीन जनावरे मिळून दिवसाला तीस किलो खातात, म्हणजे जेमतेम दोन इंचांचा थर निघतो. परिणामी प्रत्येक पिशवीतील बराचसा भाग काळा पडून उकिरड्यावर गेला. दुकानदाराला आमच्या गोठ्यात किती जनावरे आहेत हे माहीत होते. त्याने हा साधा हिशेब विक्रीपूर्वी सांगायला हवा होता, याचे मला आजही वाईट वाटते. बुरशी आलेला मुरघास शेळ्यांना तर चुकूनही घालू नये, कारण बिघडलेल्या मुरघासातून होणारा लिस्टेरिया या जिवाणूचा आजार मेंदूपर्यंत जातो आणि शेळी दगावू शकते.

दुसऱ्या वर्षी साठ-सत्तर किलोंच्या लहान पिशव्या घेतल्या. एक पिशवी दोन दिवसांत संपते, त्यामुळे नासाडी जवळजवळ थांबली. एक बाई ती एकटी गडगडत गोठ्यापर्यंत नेऊ शकते, आणि गोठ्याचे बहुतेक काम बायकांच्याच अंगावर असते, हे विसरून चालणार नाही. किलोमागे खर्च मात्र जास्त पडतो आणि भरायला वेळ अधिक लागतो. उंदरांचा त्रास दोन्ही आकारांना सारखाच आहे. अस्तराला पडलेले छिद्र त्याच दिवशी चिकटपट्टीने बुजवले नाही, तर आजूबाजूचा हातभर चारा जातो.

या पिशवीमुळे सर्वात मोठा फरक पडला तो शेताच्या फेरपालटात, आणि त्याबद्दल विक्रेते काहीच बोलत नाहीत. आमच्याकडे सोयाबीन निघायला ऑक्टोबर उजाडतो, मग रब्बी ज्वारीची पेरणी मागे पडते आणि बहुतेक जण हरभऱ्याकडे वळतात. मुरघासाचा मका जूनच्या पावसावर पेरला, तर सप्टेंबरच्या आरंभी शेत मोकळे होते आणि त्याच ओलीवर मालदांडी ही रब्बी ज्वारी वेळेत पेरता येते. सोयाबीनमधून काढलेल्या या दहा गुंठ्यांनी आम्हाला मुरघास दिला आणि त्यानंतर भाकरीची ज्वारी व कडबाही दिला. सासूबाईंना सुरुवातीला भीती होती की जनावरांसाठी माणसाच्या घासाची जमीन जाईल. ती भीती खोटी नव्हती, कारण ज्वारीच हिरवी कापून पिशवीत भरली असती, तर घरात दाणा आलाच नसता. मात्र मका मुळासकट नाही तरी पूर्ण ताटासकट शेताबाहेर जातो आणि त्यामागे पुन्हा तृणधान्यच येते, त्यामुळे त्या तुकड्याला शेणखत परत दिलेच पाहिजे. आम्ही पहिल्या वर्षी कमी दिले, तेव्हा ज्वारी पिवळसर राहिली.

पाण्याच्या दृष्टीनेही या पद्धतीचे मोल मोठे आहे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत बोअरच्या पाण्यावर हिरवा चारा घेणे मला पटत नाही. मुरघासात पावसाळ्यातील पाणीच चाऱ्याच्या रूपाने उन्हाळ्यापर्यंत पोहोचते. शिवाय निकृष्ट, नुसत्या वाळलेल्या चाऱ्यावर जनावर दूध कमी देते आणि प्रत्येक लिटरमागे हवामान तापवणारा मिथेन वायू अधिक सोडते. चांगला चारा मिळाला की तेच प्रमाण खाली येते.

प्लॅस्टिकचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. बाहेरची पिशवी सावलीत ठेवली तर दोन-तीन हंगाम टिकते, पण आतील अस्तर एकदाच वापरता येते. फाटलेले तुकडे गोठ्याजवळ राहिले तर गायी ते गिळतात आणि ते पोटात साठून राहतात, म्हणून आम्ही ते मोजून पोत्यात भरतो आणि भंगारवाल्याला देतो. वापरलेली अस्तरे परत घेण्याची सोय दुकानात नाही. पुढील खरेदीपूर्वी मी प्रत्येक विक्रेत्याला हाच प्रश्न विचारणार आहे, आणि जो अस्तरे परत घेईल त्याच्याकडे पिशवीमागे चार रुपये जास्त द्यायचीही आमची तयारी आहे.