एपी लँग की एपी लिट? निबंधांच्या तयारीच्या बाजूने

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत दहावी-अकरावीतल्या मुलांचे पुढच्या वर्षीचे विषय ठरायला लागले की आईबाबा विचारतात, "एपी इंग्लिशमधलं सोपं कुठलं?" एपी म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, त्यांची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. त्यात इंग्लिशचे दोन विषय: लँग, म्हणजे लँग्वेज, आणि लिट, म्हणजे लिटरेचर. गेली काही वर्षं मी ओळखीतल्या मुलांचे दोन्ही परीक्षांचे सरावाचे निबंध वाचते आहे. मला विचाराल तर सोपं-अवघड बघू नका, मूल काय वाचतं ते बघा.

वरवर दोन्ही परीक्षा जुळ्या दिसतात. दोन्हींत तीन निबंध, प्रत्येकाला ६ गुण, आणि निबंधांचं वजन एकूण गुणांच्या ५५ टक्के. त्या ६ गुणांची वाटणीही सारखीच: ठाम दाव्याला १, पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला ४, विचाराच्या खोलीला १. मे २०२५ पासून दोन्ही पेपर कॉलेज बोर्डच्या ब्लूबुक अ‍ॅपमध्ये टाइप करायचे असतात, त्यामुळे सरावही कीबोर्डवरच हवा.

लँगमध्ये सगळं वास्तवातलं लेखन: भाषणं, पत्रं, लेख. पहिल्या निबंधात एका विषयावरचे सहा उतारे मिळतात, त्यांत चित्र आणि आकडेवारीही असते. त्यातले किमान तीन वापरून स्वतःची बाजू मांडायची. त्यासाठी वेळेत १५ मिनिटं वाचनाची धरलेली आहेत. तिसऱ्या निबंधात हाताशी उताराच नसतो, सगळे दाखले डोक्यातून काढायचे. आणि मधला निबंध वक्तृत्वाच्या विश्लेषणाचा, तिथे मुलं सर्वांत जास्त अडखळतात. २०१९ साली तिथे गांधीजींनी मिठाच्या सत्याग्रहाआधी, १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विनना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा भाग आला होता. आपल्या मुलांना गांधीजी घरचे, म्हणून मी तो उतारा सरावाला मुद्दाम देते. बहुतेक जण पानभर सत्याग्रहाचा इतिहास लिहून काढतात. त्याला गुण नाहीत. ज्या सत्तेविरुद्ध कायदेभंग करायचा आहे, तिच्याच प्रतिनिधीशी हा माणूस इतक्या सौजन्याने का बोलतो, आणि त्या सौजन्यामुळे समोरच्याची पळवाट कशी बंद होते, हे सांगायचं असतं.

लिटमध्ये एक कविता, एक कथा-कादंबरीतला उतारा, आणि तिसरा निबंध पूर्ण वाचलेल्या एखाद्या कलाकृतीवर. पेपरात नावांची यादी असते, पण त्याबाहेरचं तोलामोलाचं पुस्तकही चालतं. पुस्तक मात्र समोर नसतं. आयत्या वेळी घोकून इथे भागत नाही. तीन-चार पुस्तकं अशी वाचलेली हवीत की कुठलाही प्रश्न आला तरी त्यातला नेमका प्रसंग आठवेल. नुसतं कथानक सांगू नका, असं प्रश्नातच बजावलेलं असतं.

इथे आपल्या पिढीतल्या पालकांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. आपण शाळेत कवितेचं रसग्रहण लिहिलं: मध्यवर्ती कल्पना, मग अलंकार, मग आवडलेली ओळ. तीच पद्धत मुलांना शिकवायचा मोह होतो. एक बाबा मुलीकडून इंग्रजी अलंकारांची यादी पाठ करून घेत होते, आणि तिच्या निबंधात ती यादीच उतरली होती. उपमा आहे हे ओळखल्याने काही मिळत नाही. ती उपमा नसती तर कवितेचं काय गेलं असतं, ते सांगण्यावर ते ४ गुण ठरतात. लँगमध्येही हेच लागू आहे. सुविचाराने निबंध सुरू करायची सवयही सोडवा, त्यात पाच मिनिटं जातात आणि दावा लांबतो.

तयारीचा वेळ मात्र अगदी वेगळा. लँगला जानेवारीपासून आठवड्याला एक निबंध, ४० मिनिटं घड्याळ लावून, आणि रोज एखादा संपादकीय लेख, एवढ्यावर फरक दिसतो. लिटची तयारी आदल्या उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवी, कारण पुस्तकं दुसऱ्यांदा वाचायला वेळ लागतो.

एकच घ्यायचं असेल तर मी बहुतेकांना लँग सुचवते. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलालाही उतारे तपासून बाजू मांडणं पुढे रोज लागतं. अनेक शाळांत लँग अकरावीला आणि लिट बारावीला असतं, हा क्रमही मला योग्य वाटतो. पण जे मूल कादंबरी संपल्यावर दोन दिवस गप्प असतं, त्याला क्रेडिटचा, म्हणजे एपीच्या गुणांवर कॉलेजात मिळणाऱ्या श्रेयांकांचा, हिशेब करून लिटपासून अडवू नका. क्रेडिटचे नियम तसेही प्रत्येक कॉलेजचे वेगळे, ते त्या-त्या कॉलेजच्या पानावर बघावेत.

अजूनही ठरत नसेल तर कॉलेज बोर्डच्या साइटवर मागच्या वर्षांचे प्रश्न आणि गुण दिलेले नमुना निबंध फुकट आहेत. एका शनिवारी लँगचा मधला निबंध लिहायला द्या, पुढच्या शनिवारी लिटमधला कवितेचा. मग दोन्ही नमुन्यांशेजारी ठेवून मुलालाच गुण द्यायला सांगा.