जवानांचं लोकेशन दाखवणारे टॅग: काही महिने वापरल्यावर

आमच्या अग्निशमन पथकात हे टॅग आता रुळलेत. आधी निकाल सांगतो: मजला बहुतेक वेळा बरोबर दाखवतात, खोलीचा भरवसा धरू नका.

उघड्यावर तक्रारीला जागा नाही. जवान आत शिरला की मात्र जीपीएसचा उपयोग संपतो. उपग्रह 20,000 किलोमीटरवर, सिग्नल मुळातच क्षीण, स्लॅब आणि लोखंडातून तो काय पोचणार! मग मजला ठरतो हवेच्या दाबावरून. वर जाताना दर मीटरला दाब साधारण 12 पास्कलने घटतो, म्हणजे एका मजल्याला 35च्या आसपास. सेन्सरला एवढा फरक सहज कळतो. पण धूर हटवायला दारात मोठा पंखा लावला की आतला दाब वाढतो आणि माणूस आहे त्यापेक्षा खाली दिसू शकतो.

मजल्यावरची जागा पावलांच्या हिशेबाने निघते. पाऊल टेकतं त्या क्षणी बुटातला सेन्सर वेग शून्य धरतो आणि साचलेली चूक पुसतो. चालणाऱ्यासाठी झकास. पण दाट धुरात चालतो कोण? गुडघ्यांवर सरकत होज ओढणाऱ्या जवानाचा टॅब्लेटवरचा ठिपका खुशाल भिंती ओलांडतो. माहितीपत्रकातली अचूकता ताठ चालून मोजलेली असावी, असा माझा दाट संशय आहे. अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्राची यंत्रणा काही सेंटिमीटरपर्यंत जाते, पण तिचे अँकर, म्हणजे ठरावीक जागी बसवायची संदर्भ-उपकरणं, आधी लावावे लागतात. आग लागल्यावर ते कोण लावत बसणार?

तरीही मी टॅगशिवाय कुणाला आत पाठवत नाही. 3 डिसेंबर 1999ला अमेरिकेत वूस्टरच्या रिकाम्या शीतगृहातल्या आगीत दोन जवान वाट चुकले आणि त्यांना शोधायला गेलेले चार परतलेच नाहीत. अशा वेळी 'तिसरा मजला, मागची बाजू' एवढं कळलं तरी शोधाचा आवाका कितीतरी कमी होतो. हालचाल थांबली की साधारण 30 सेकंदांत वाजणारा अलार्म बीए सेटवर (पाठीवरच्या श्वसनयंत्रावर) पूर्वीपासून आहेच, पण आवाज घुमतो आणि दिशा लागत नाही. टॅग नेमकी तीच उणीव काही अंशी भरून काढतो.

खरा राग आहे तो टॅब्लेटच्या पडद्यावर. सिग्नल तुटला तरी ठिपका तितकाच ठळक राहतो आणि तो किती जुना आहे हे कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरांत लिहिलेलं असतं. गडबडीत ते कोण वाचतं? ठिपका फिका व्हायला हवा, भोवतीचं वर्तुळ मोठं होत जायला हवं. तोवर वॉकीटॉकीवरची हजेरी आम्ही बंद केलेली नाही.

ड्युटीबाहेर आपल्यावर पाळत राहील, असं जवानांना वाटत होतं. आता टॅग गाडीतच चार्जिंगला असतात आणि कॉल आल्यावरच अंगावर चढतात, त्यामुळे ती कुरबूर थांबली. बटणं मात्र जाड हातमोज्यांनी अजूनही दबत नाहीत.