सोलर बसवणाऱ्यांपासून सावध: बाबांना गच्चीवर शॉक बसला त्याची हकिगत

आधी सर्वांत महत्त्वाचं सांगते. तुमच्या गच्चीवर सोलरची गरम पाण्याची टाकी असेल आणि तिला विजेचा बॅकअप हीटर जोडलेला असेल, तर त्या टाकीला आणि तिच्या लोखंडी स्टँडला अर्थिंग आहे का, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. आमच्याकडे नव्हतं. वायर ओढली होती, पण जोडलीच नव्हती. माझे त्र्याहत्तर वर्षांचे बाबा थोडक्यात वाचले, आणि हे असं कुणाच्याही घरी होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही पुण्यात धायरीला रो-हाऊसमध्ये राहतो. बाथरूममध्ये पूर्वी गॅस गिझर होता. खिडकी लहान, त्यातही थंडीत आई ती लावून घ्यायची. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालला की हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. घरात दोन म्हातारी माणसं, म्हणून तो गिझर काढून सोलर बसवायचं ठरलं.

गणपतीत आमच्या भागात एका सोलरवाल्यानं स्टॉल लावला होता. छापील पत्रकं, गोड बोलणं. "ताई, दोनशे लिटरचा सोलर बाहेर पंचेचाळीसला आहे, आपल्याकडे गणपती ऑफर चौतीस हजार. शिवाय सरकारी सबसिडी तुमच्या खात्यात जमा होणार." त्यासाठी त्यानं आधार, लाइट बिल आणि पासबुकाची झेरॉक्स घेतली आणि 'रजिस्ट्रेशन' म्हणून ३,५०० रुपये वेगळे घेतले.

ही सबसिडीची थाप आमच्या ओळखीत आणखीही काही जणांना मारलेली निघाली, म्हणून इथे थांबून सांगते. पीएम सूर्यघर ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, आणि ती छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार, आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार. पाणी तापवणारा सोलर या योजनेत बसतच नाही. गरम पाण्याच्या सोलरला केंद्राचं अनुदान पूर्वी मिळायचं, ते २०१४ मध्येच बंद झालं. दोन्हीला लोक 'सोलर'च म्हणतात आणि ही मंडळी त्याचाच फायदा उठवतात. पुणे महापालिका सोलर चालू स्थितीत असेल तर मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, पण ती महापालिकेकडे अर्ज करून मिळते. त्यासाठी कुणाच्या हातात रजिस्ट्रेशनचे पैसे ठेवावे लागत नाहीत.

दिवाळीच्या आधी माल आला. मालक म्हणवणारा माणूस एकदाच तोंड दाखवून गेला. पाइप जोडायला एक मुलगा, वायरिंगला दुसरा, आणि हे दोघंही 'कंपनीचे' नाहीत, रोजावर आलेले, हे फार पुढे कळलं. प्लंबिंगचे ९ हजार आणि लाइटचे ४ हजार त्यांनी हातोहात रोख घेतले. बिल मागितलं तर मालक फोनवर म्हणाला, "पक्कं बिल हवं तर जीएसटी वरून पडेल, ताई. कोटेशनवरच शिक्का मारून देतो." त्या कोटेशनवर छापलेला जीएसटी नंबर मी नंतर सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर नोंदणी कधीच रद्द झालेली. वॉरंटी कार्डावर पाच वर्षं लिहिलेली आणि टाकीचा नंबर लिहायची जागा कोरी.

नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाला पहिल्या दोघांना बऱ्यापैकी पाणी मिळालं, तिसऱ्याला कोमट, आणि आईची वेळ येईपर्यंत गार. उटणं लावून बसलेल्या आईसाठी शेवटी गॅसवर पातेलं चढवावं लागलं. फोन केला तर उत्तर, "नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो." पुढच्या वेळी, "तुम्ही पाणी जास्त वापरता." त्याच्या पुढच्या वेळी, "सध्या ऊन कमी आहे." नोव्हेंबरात पुण्यात आभाळ स्वच्छ असतं. ऊन कमी असल्याचं ऐकून बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेले.

मग मी स्वतः गच्चीवर नीट पाहायला लागले. आपल्याकडे सोलरच्या पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्यांचं तोंड दक्षिणेला असावं लागतं, कारण थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि गरम पाणी तेव्हाच जास्त लागतं. मोबाइलच्या होकायंत्रावर आमच्या नळ्या चक्क पश्चिमेला निघाल्या, आणि दुपारनंतर शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली त्यांच्यावर. तसं का बसवलं? तर त्या बाजूनं पाइप कमी लागला. दोनशे लिटरच्या सोलरला जाड, म्हणजे ५८ मिलिमीटरच्या आणि सहा फुटी नळ्या साधारण वीस लागतात. आमच्याकडे पंधरा. टाकीवर 'दोनशे लिटर' असा मोठा स्टिकर होता, त्याचा एक कोपरा उन्हानं सुटला होता. नखानं थोडा वर केला तर खाली जुना स्टिकर आणि त्यावर १५०. आयएसआयच्या चिन्हाखाली छापलेला लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला, काहीच सापडलं नाही. फोटो काढून मालकाला पाठवले. त्यानं पाहिले, उत्तर दिलं नाही.

मार्चमध्ये आम्ही सगळे भावाकडे नाशिकला गेलो होतो. घरात पाण्याचा वापर नाही, वर उन्हाचा तडाखा. परत आलो तर गच्चीभर पाणी आणि टाकीतून निघणारा गरम पाण्याचा पाइप मधोमध लोंबून सांध्यातून निसटलेला. आमच्या नेहमीच्या प्लंबरनं तुकडा हातात घेतल्याघेतल्या सांगितलं, हा साधा यूपीव्हीसी आहे, गार पाण्याचा. गरम लाइनला सीपीव्हीसी लागतो, जो ९३ अंशांपर्यंत टिकतो. यूपीव्हीसी साठीच्या आसपासच मऊ पडायला लागतो, आणि सोलरचं न वापरलेलं पाणी उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी वर जातं. नशीब, त्या पाइपखाली तेव्हा कुणी नव्हतं.

त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. टाकीवर हवेचा एक उभा पाइप असतो, वाफ आणि हवा जायला. त्याचं टोक वरच्या गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच हवं, नाहीतर त्यातून पाणी सांडत राहतं. आमचा आखूड होता, सांडत होता, आणि तक्रार केल्यावर त्या मुलानं येऊन त्याला वरून बूच मारलं होतं. सांडणं थांबलं म्हणून आम्हाला बरं वाटलं होतं. प्रत्यक्षात हवेची वाट बंद झाली की पाणी उतरताना टाकी आतून चेपली जाऊ शकते.

आणि मग जुलै. सलग ढगाळ दिवस, त्यामुळे बॅकअप हीटर लावलेला. दुपारी पाऊस भुरभुरायला लागला म्हणून बाबा कपडे काढायला वर गेले. दोरीचं एक टोक सोलरच्या स्टँडला बांधलेलं. पायात चप्पल नाही, फरशी ओली. गाठ सोडायला त्यांनी स्टँडला हात लावला आणि मागे फेकले गेले. आवाज ऐकून मी धावत वर गेले तेव्हा ते कठड्याला टेकून बसलेले होते, उजवा हात छातीशी घट्ट धरलेला, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हता. आई जिन्याच्या खालून ओरडत होती, "आधी मेन बंद कर, मेन!" ती ओरडली म्हणून मी त्या स्टँडच्या बाजूनं पुढे गेले नाही, मागे फिरले. बाबांना दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं. आता ते ठीक आहेत. पण अजूनही गच्चीवर एकटे जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतले वायरमन काका आले. क्षणभर मेन चालू करून त्यांनी टेस्टर स्टँडला टेकवला, दिवा लागला. मेन बंद करून हीटरचा डबा उघडला. तीन वायरी आलेल्या होत्या. लाल आणि काळी जोडलेली. हिरवी डब्यापर्यंत आणलेली, टोक कापलेलं, मागे दुमडून वर काळी टेप गुंडाळलेली. काका बराच वेळ ती टेप अंगठ्यानं चाचपत राहिले. म्हणाले, "ताई, हे विसरून होत नाही. विसरला असता तर वायर लोंबत राहिली असती." त्या मुलानं दोन किलोवॉटचा हीटर गच्चीवरच्या दिव्याच्या पॉइंटवरून घेतला होता. त्या पॉइंटला अर्थिंगच नव्हतं. खालून बोर्डापासून नवीन लाइन ओढावी लागली असती, ते टाळलं. आतली कॉइल चिरली आणि करंट टाकीत, टाकीतून स्टँडमध्ये उतरला. अर्थिंग नसल्यामुळे एमसीबी पडलाच नाही. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडतो, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या थोड्याशा करंटला तो ओळखत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच, लागतो. तो काकांनी तपकीर गल्लीतून आणून बसवला, हीटरला वेगळी लाइन आणि अर्थिंग दिलं. प्लंबरनं नळ्या दक्षिणेला वळवल्या, पाइप बदलले, हवेचा पाइप उंच केला. पंधरा नळ्यांतून निघेल तेवढं पाणी आता निघतं.

मालकाला सगळं कळवलं तेव्हा तो म्हणाला, वायरिंग आमच्याकडे येत नाही, वायरमनला विचारा. वायरमनचा नंबर बंद. प्लंबिंगवाला मुलगा म्हणाला, पाइप मालकानंच दिला, मी फक्त जोडला. माझा राग त्या पोरांवर कमी आहे. ज्यानं तिघांच्या मध्ये उभं राहून पैसे घेतले आणि जबाबदारी मात्र कुठेच लिहून ठेवली नाही, त्यानं हे जाणूनबुजून केलं आहे. म्हणून कुणी सोलर घेत असाल तर टाकी, पाइप आणि वायरिंग हे तिन्ही एकाच पक्क्या बिलावर लिहून घ्या. नळ्या किती, टाकी किती लिटरची, पाइप कोणता, अर्थिंग कोण करणार, हे सगळं त्यात यायला हवं. आणि निदान शेवटचा हप्ता तुमचा स्वतःचा वायरमन वर जाऊन पाहून येईपर्यंत देऊ नका. असं लिहून द्यायला जो कांकू करतो, त्याचा माल घेऊ नका.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून मालकाला विचारणा गेली, त्यानं दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याचं ऑफिस कुठे का असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नव्हतं तरी यूपीआयचे व्यवहार, शिक्क्याचं कोटेशन, मालकाला पाठवलेले मेसेज, स्टिकरचा फोटो आणि वायरमन काकांनी सहीनिशी लिहून दिलेलं निरीक्षण हे सगळं जोडलं. ती कापलेली हिरवी वायरही टेपसकट पिशवीत ठेवली आहे.

मालकाचा आता निरोप आलाय, दहा हजार देतो, तक्रार मागे घ्या. मी नाही म्हणून कळवलंय. भरलेली सगळी रक्कम, दुरुस्तीचा आणि दवाखान्याचा खर्च आणि नुकसानभरपाई, अशी मागणी आहे, आणि त्यातला एक रुपयाही मी कमी करणार नाही.