शिळामुद्रणासाठी दगड की पत्रा?
निष्णात मुद्रकाबरोबर प्रथमच शिळामुद्रण (लिथोग्राफी, म्हणजे सपाट पृष्ठभागावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढून त्याचे छाप घेणे) करणाऱ्या चित्रकाराला दगड निवडावा की ॲल्युमिनियमचा पत्रा, असा प्रश्न पडतो. बव्हेरियातील सोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड महाग आणि अवजड असल्याने चित्रकारालाच मुद्रणशाळेत यावे लागते. पण त्यावरील रेषा खरवडता येते, काळ्यातून पांढरे काढता येते आणि चाचणीचा छाप पाहून दोघांना मिळून चित्र बदलत नेता येते, हेच मला या सहकार्याचे सार वाटते. शिवाय दगड घासून पुन्हा वापरता येतो. पत्रा स्वस्त, हलका आणि घरी नेण्याजोगा असतो. मात्र खरवडल्यास त्याचा दाणा, म्हणजे पृष्ठभागाचा बारीक खरखरीतपणा, बिघडतो. काम करता करता चित्र घडवणाऱ्याने दगड घ्यावा. आराखडा पक्का असून प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र पृष्ठभाग लागणार असेल, तर पत्रा सोयीचा ठरतो.