पारदर्शक फ्युएल फिल्टर: बुडबुड्यांनी पकडून दिलेला बिघाड

आमच्या मोटरहोमचा (राहण्याची सोय असलेल्या गाडीचा) जनरेटर सुरू व्हायचा, पण एसी लावला की आचके देत बंद पडायचा. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती. (आधी तेवढं नक्की बघा. बऱ्याच मोटरहोममध्ये जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम उंचावर असते. साधारण पाव टाकी उरली की जनरेटर थांबतो आणि गाडीपुरतं पेट्रोल शिल्लक राहतं.) मी कार्बोरेटर खोलायलाच निघालो होतो, पण त्याआधी जुना धातूचा फिल्टर काढून पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकी आणि पंपाच्या मध्ये, हा पारदर्शक बसवला.

लोड टाकताच फिल्टरमध्ये बारीक बुडबुड्यांची माळ दिसली, मग पेट्रोलची पातळी खाली सरकली आणि इंजिन गुदमरलं. म्हणजे नळी कुठूनतरी हवा ओढत होती. पंपाच्या अलीकडच्या भागात ओढ असते, त्यामुळे तडा गेला तरी बाहेर पेट्रोलचा थेंबही दिसत नाही. टाकीजवळच्या क्लॅम्पखाली रबर वाकवून पाहिलं, तर केसाएवढी भेग! नळी बदलली आणि जनरेटर एका लयीत चालू लागला.

सोबतचे क्लॅम्प मात्र कुचकामी आहेत, चांगले वेगळे घ्या. प्रवाहाचा बाण फार पुसट आहे. प्लास्टिक असल्यामुळे सायलेन्सरपासून लांबच बसवा. शिवाय महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये (कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत) बसला असेल, तर तिथे या फिल्टरचा काही उपयोग नाही. तिथे कार्बोरेटर साफच करावा लागतो.

पाचपैकी चार तारे.